थ्री नॉट थ्री रायफल: नव्यासारखी करावी की आहे तशी जपावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'थ्री नॉट थ्री' म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. एनसीसीच्या कवायतीत जिने खांदा दुखवला ती हीच, आणि पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात वर्षानुवर्षे दिसली तीही हीच. परदेशात स्थायिक झालेल्या काही मराठी संग्राहकांकडे ती रीतसर परवान्यावर आहे. इथे ती बहुधा संस्थांच्या आणि पलटणींच्या संग्रहांत, काचेच्या कपाटात दिसते. तिची देखभाल ज्यांच्याकडे येते त्यांना पडणारे प्रश्न फार वेगवेगळे नसतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

येथे नेमक्या कोणत्या रायफलीचा विचार केला आहे?

मुख्यतः शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, मार्क तीन (१९०७) आणि तिची युद्धकाळात सोपी केलेली आवृत्ती मार्क तीन तारांकित (१९१६) यांचा. १९२६ नंतर याच रायफलीला 'नंबर एक' असे नाव मिळाले. बोअर (नळीचा आतला व्यास) .३०३ इंच, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, वजन चार किलोच्या आसपास. बोल्ट (काडतूस नळीत सरकवून तिची मागची बाजू बंद करणारा दांडा) आणि मॅगझिनची मूळ कल्पना स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांची. 'एनफिल्ड' हे नाव लंडनच्या उत्तरेकडील सरकारी शस्त्रकारखान्याचे. ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील इशापूर येथेही ती मोठ्या संख्येने तयार झाली. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्यात बनत, आणि त्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे उमटलेली असत.

जतन आणि जीर्णोद्धार यांत फरक काय?

जतन म्हणजे वस्तू आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेपासून तिला पुढे बिघडू न देणे. जीर्णोद्धार म्हणजे तिला पूर्वीच्या एखाद्या अवस्थेकडे मागे नेणे. पहिल्यात आपण वस्तूवर कमीत कमी हात चालवतो. दुसऱ्यात आपल्याला काहीतरी काढावे लागते, काहीतरी नवे बसवावे लागते, आणि 'पूर्वी ती अशी होती' असा एक दावाही करावा लागतो. स्मारकांच्या संवर्धनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेत असे तत्त्व आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ते दगडी इमारतींसाठी लिहिलेले असले तरी रायफलीच्या अक्रोडाच्या दस्त्यालाही (खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागालाही) तितकेच लागू पडते.

मराठी वाचकाला हा फरक समजावण्यासाठी युरोपपर्यंत जाण्याचीही गरज नाही. काळ्या दगडाच्या जुन्या देवळाला गावाने हौसेने फासलेला ऑइल पेंट आपण सर्वांनी पाहिला आहे. हेतू चांगलाच असतो, भक्तीही खरी असते. पण रंगाखाली गेलेली कोरीव रेघ पुन्हा मोकळी करणे फार अवघड होऊन बसते.

'मूळ स्थिती' म्हणजे नेमकी कोणत्या दिवसाची स्थिती?

बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या एका प्रश्नावर अवलंबून आहेत, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

बहुतेकांच्या मनात 'मूळ' म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची रायफल असते. परंतु लष्करी रायफल ही एकदा तयार होऊन तशीच राहिलेली वस्तू नसते. १९१० च्या सुमारास तयार झालेल्या मार्क तीन रायफलीत मॅगझिन कट-ऑफ ही पातळ पट्टी असे, दस्त्याच्या उजव्या बाजूस पलटणीचा क्रमांक लिहिण्यासाठी पितळी चकती असे आणि लांब पल्ल्याच्या सामूहिक माऱ्यासाठी डाव्या अंगाला वेगळे साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, असे. १९१६ च्या सुलभीकरणात यांपैकी बरेच भाग वगळले गेले. त्यानंतर जुनी रायफल दुरुस्तीला आली की आरमोरर, म्हणजे सैन्यातला शस्त्रदुरुस्ती करणारा कारागीर, हाताशी असलेले, म्हणजे पुष्कळदा नव्या पद्धतीचे, भाग बसवी. चकतीच्या जागी लाकडाची गुळगुळीत खुंटी मारलेले दस्ते पुष्कळ सापडतात. शिवाय कित्येक रायफली सेवेतच पूर्णपणे सोडवून पुन्हा उभारल्या गेल्या. अशांवर 'एफटीआर' म्हणजे कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती, असा ठसा आणि वर्ष दिसते. एकाच रायफलीवर १९१७ चे शरीर (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा), नंतरची नळी, त्याहून नंतरचा दस्ता आणि सर्वांवर शेवटच्या दुरुस्तीतला काळा रंग, असे सहज घडते.

आता या रायफलीला 'मूळ रूपात' आणायचे म्हटले, तर १९१७ कडे न्यावे की शेवटच्या दुरुस्तीकडे? १९१७ निवडले तर पुढच्या अनेक दशकांची साक्ष आपण पुसतो, आणि बदल्यात मिळते ते आपण बाजारातून जमवलेल्या सुट्या भागांचे एक अनुमान. म्हणूनच संग्रहालयांत आणि जाणत्या संग्राहकांत सामान्यतः असा संकेत आहे की लष्करी शस्त्राची मूळ स्थिती म्हणजे ज्या दिवशी ते सेवेतून बाहेर पडले त्या दिवसाची स्थिती. आरमोररने बसवलेला भाग हा तिच्या इतिहासाचा भाग आहे. नंतर एखाद्या हौशी मालकाने तासलेले लाकूड मात्र तसे नाही. माझे मतही हेच आहे, आणि पुढची उत्तरे त्याच मताला धरून आहेत.

कारखान्याच्या दिवसाची रायफल पाहायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळी जागा आहे. ब्रिटिश सरकार प्रत्येक शस्त्राचा एक मोहोरबंद नमुना प्रमाण म्हणून ठेवत असे. एनफिल्डच्या 'पॅटर्न रूम'मधला हा संग्रह पुढे नॉटिंगहॅमला गेला आणि २००५ मध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आला. तो नमुना असताना आपली रायफल तशी करण्याचा आटापिटा कशासाठी, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा.

काहीही करण्यापूर्वी कोणत्या खुणा वाचाव्यात?

दस्ता जिथे धातूत शिरतो त्या कड्यावर उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्क असतो. 'जीआरआय' ही अक्षरे असतील तर त्यांतला शेवटचा 'आय' सम्राटपदाचा असून अशी खूण भारतात बनलेल्या रायफलींवर दिसते. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. सरकारी मालकीचा रुंद बाण, नळीवरील चाचणीचे ठसे, बोल्टवर, पाठीमागच्या साइटवर, नळीच्या तोंडाशी बसवलेल्या टोकाच्या टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाला मारलेले क्रमांक हे सर्व तिरक्या उजेडात, भिंगाखाली पाहून लिहून घ्यावे आणि छायाचित्रे काढावीत. लाकडावरचे ठसे विशेष उथळ असतात. एका पॉलिश कागदाच्या चार फेऱ्यांत ते नाहीसे होतात.

धातूवरचा तपकिरी थर हा गंज आहे की जुनेपणा? काढावा का?

दोन्ही लोखंडाचेच ऑक्साइड असतात, पण वागणूक वेगळी असते. गडद, घट्ट, बोटाला न लागणारा तपकिरी किंवा काळसर थर स्थिर असतो आणि खालच्या धातूचे थोडेफार रक्षणच करतो. तो काढू नये. नारिंगी, भुसभुशीत, पांढऱ्या रुमालावर डाग सोडणारा थर हा चालू गंज आहे. तो थांबवलाच पाहिजे, कारण त्याच्याखाली खड्डे पडत असतात आणि दर पावसाळ्यात ते खोल होतात. येथे 'आहे तशी जपावी' या तत्त्वाचा अर्थ हात बांधून बसणे असा होत नाही.

चालू गंजावर हलके तेल सोडून एक-दोन दिवस मुरू द्यावे, मग लाकडी किंवा बांबूच्या कामटीने, फार तर तांब्याच्या कडेने, तो खरवडावा. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ते धातूला सहसा ओरखडत नाही. गंज काढणारी आम्लयुक्त द्रावणे वापरू नयेत. ती गंज आणि ब्लूइंग (पोलादावर मुद्दाम चढवलेला काळसर संरक्षक थर) यांत भेद करत नाहीत, कारण ब्लूइंग हेही लोखंडाचे ऑक्साइडच आहे. गंज निघाल्यावर तेल पुसून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित झालेले 'रेनेसान्स वॅक्स' याच जातीचे आहे. ते पुढे हवे तेव्हा द्रावकाने काढता येते, आणि ते वापरण्याचे मुख्य कारण हेच आहे.

लाकूड काळे, तेलकट आणि खरवडलेले दिसते. घासून पॉलिश केले तर काय बिघडते?

जवळजवळ सर्वच बिघडते. कारखान्यातून आलेल्या रायफलीत लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर ठेवलेले असते. ते घासले की धातूच्या पातळीखाली जाते, आणि जाणकाराला दहा फुटांवरून कळते. ठसे जातात, कडा गोलावतात, आणि सैनिकांच्या हातांनी कित्येक वर्षांत आलेला रंग एका दुपारीत संपतो. त्यावर चकचकीत व्हार्निश चढवले की रायफल दिवाणखान्यातल्या शिसवी टीपॉयची चुलत बहीण दिसू लागते.

साठवणीतले जुने घट्ट ग्रीस काढायचे असेल तर व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा पुरतो. एका वेळी तळहाताएवढी जागा घ्यावी, आणि बोळा स्वच्छ येऊ लागला की थांबावे. दाबल्यामुळे पडलेला खळगा ओल्या कापडावरून गरम इस्त्रीची वाफ देऊन वर येतो, हे खरे आहे. पण तो खळगा कशाने पडला हे माहीत नसताना तो मिटवण्याची घाई कशाला?

मग जवसाचे तेल? सैनिक तेच लावत असत ना?

होय, लावत असत. कच्चे जवसाचे, म्हणजे अळशीचे, तेल हाच या रायफलीच्या लाकडाचा मूळ लेप होता. परंतु सैनिकाचा हेतू पावसात आणि चिखलात लाकूड टिकवण्याचा होता. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, एकदा घट्ट झाल्यावर लाकडाला इजा न करता निघत नाही, दर थराने काळवंडते आणि धूळ धरते. म्हणून संग्रहालयातल्या वस्तूला ते लावत नाहीत. तिथे मेणच योग्य. जी रायफल अजून मैदानावर जाते तिला वर्षातून एकदा कच्च्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळणे चुकीचे नाही.

एक इशारा येथेच देतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता सुटते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

उडालेले ब्लूइंग पुन्हा करून घ्यावे का?

नाही. नवे ब्लूइंग बसण्यासाठी धातू आधी चकचकीत घासावा लागतो, आणि त्या घासण्यात ठशांच्या कडा व यंत्रकामाच्या मूळ रेघा जातात. शिवाय आजची प्रचलित पद्धत, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात भाग बुडवणे, जो निळसर काळा झगमगाट देते तो १९१५ च्या लष्करी रायफलीवर कधीच नव्हता. नंतरच्या दुरुस्तीत तर कित्येक रायफलींना सरळ काळा रंग फासला गेला. तो रंग कुरूप आहे, हे मान्य. पण तो सरकारी आहे, आणि म्हणून तो राहू द्यावा.

साफसफाईसाठी रायफल सोडवताना सर्वांत मोठी चूक कोणती होते?

पुढचे लाकूड न काढता आधी दस्ता काढण्याची. दस्त्याच्या आत त्याला शरीराशी जोडणारा एक लांब बोल्ट असतो (काडतूस सरकवणारा बोल्ट वेगळा). त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागील भागात बसवलेल्या लहान पट्टीत अडकलेले असते, जेणेकरून तो आपोआप सैल होऊ नये. पुढचे लाकूड जागेवर असताना कोणी मागून तो बोल्ट फिरवला, की ते चौकोनी टोक लाकडाला आतून फाकवते. शंभर वर्षे टिकलेले लाकूड असे चिरलेले मी पाहिले आहे, आणि चिरणारा माणूस अत्यंत काळजीपूर्वक काम करत होता. त्याला क्रम तेवढा माहीत नव्हता. क्रम असा: टोकाची टोपी व कडी, मग पुढचे लाकूड, आणि सर्वांत शेवटी, खरोखर गरज असेल तरच, दस्ता. पेचकसाचे पाते खाचेत पूर्ण भरणारे असावे. इशापूरच्या रायफलींत पुढच्या लाकडाला आडवा जाणारा एक स्क्रू दिसतो; तो लाकूड फाटू नये म्हणून मुद्दाम घातलेला आहे, मागाहून केलेली डागडुजी समजून तो काढू नये.

सैनिकाने कोरलेली अक्षरे आणि खाचा राहू द्याव्यात का?

या प्रश्नाला सर्वांत चांगले उत्तर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. तिथल्या एका मार्क तीन रायफलीचा प्रवास असा: ती ब्रिटनच्या एसेक्स रेजिमेंटची, गॅलिपोलीच्या लढाईत तुर्की सैन्याच्या हाती लागली, तुर्कांनी तिच्यावर विजयाचा सोनेरी लेख कोरला, तुर्की युद्धमंत्री एनव्हर पाशाने ती अरबांचा नेता अमीर फैसल याला भेट दिली, आणि फैसलने १९१६ मध्ये ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्सला ('लॉरेन्स ऑफ अरेबिया'). लॉरेन्सने दस्त्यावर स्वतःची आद्याक्षरे आणि तारीख कोरली, तसेच काही खाचाही पाडल्या. पुढे ती राजा पाचव्या जॉर्जकडे आणि तिथून संग्रहालयात गेली. कारखान्याच्या दृष्टीने पाहिले तर तो लेख, ती अक्षरे आणि त्या खाचा हे सर्व बिघाडच आहेत. ते 'दुरुस्त' केले असते तर लाखो रायफलींसारखी आणखी एक रायफल उरली असती.

आपल्या हातातल्या दस्त्यावर कोण्या अनाम शिपायाने चाकूच्या टोकाने कोरलेले एखादे अक्षर असेल, तर त्याचा धनी बहुधा कधीच सापडणार नाही. तरीही ते तसेच ठेवावे.

आधीच्या मालकाने पुढचे लाकूड कापून शिकारी रायफल केली आहे. तीही तशीच ठेवावी?

येथे माझे उत्तर बदलते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि असंख्य मालकांनी त्यांचे लाकूड छाटून त्या हलक्या केल्या. अशा रायफलीची नळी आणि शरीर अबाधित असेल, तर त्याच काळाचे, त्याच कारखान्याचे जुने लाकूड व टोपी मिळवून ती पुन्हा पूर्ण करणे हा उचित जीर्णोद्धार आहे, कारण त्यात काही नष्ट होत नाही. जोडलेले उद्या काढताही येते. अट एवढीच की बसवलेल्या भागांची नोंद राहावी आणि विकताना ती लपवू नये. नळीच आखूड केलेली असेल, किंवा शरीरावर दुर्बिणीसाठी भोके पाडलेली असतील, तर मागे जाण्याची वाट बंद झाली आहे. ती शिकारी रायफल म्हणूनच जपावी. तोही आता पाऊणशे वर्षांचा इतिहास झाला.

बोल्टचा क्रमांक शरीराच्या क्रमांकाशी जुळत नाही. तो खोडून जुळता क्रमांक मारावा का?

मुळीच नाही. संग्राहकांच्या जगात ही सरळ फसवणूक आहे, आणि भारतात तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरील ओळखीची खूण पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे.

परवानाधारक मालकाला ती चालवायची असेल तर?

मग सुरक्षितता आधी, बाकी सर्व नंतर. या रायफलीत बोल्ट प्रत्येक शरीराला बसवून घेतलेला असे, त्यामुळे न जुळणाऱ्या बोल्टची तपासणी परवानाधारक गनस्मिथकडून गेजने झाल्याशिवाय गोळी भरू नये. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडातील, ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीतील रसायनामुळे नळीत पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. तो हवेतले पाणी ओढतो आणि नळी आतून खातो. तेलाने तो विरघळत नाही. म्हणूनच जुने जवान आधी नळीतून उकळते पाणी ओतत, मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून ओढत, आणि शेवटी तेल देत.

'डीपी' (ड्रिल पर्पज) ठसा असलेली रायफल पुन्हा चालती करता येईल का?

करू नये. हा ठसा म्हणजे आरमोररने ती गोळीबारास धोकादायक ठरवून केवळ कवायतीसाठी राखली, असा लेखी निर्णय आहे. त्यामागचा दोष डोळ्यांना दिसेलच असे नाही. तो ठसा जपावा. तिच्या चरित्रातले ते शेवटचे पान आहे.

भारतात घरात जुनी थ्री नॉट थ्री सापडली तर काय करावे?

तेल-चिंधी बाजूला ठेवून आधी पोलिसांशी संपर्क साधावा. शस्त्र नियम, २०१६ नुसार .३०३ बोअरच्या रायफली प्रतिबंधित वर्गात येतात, आणि केंद्र सरकारच्या विशेष अनुमतीशिवाय त्या खासगी व्यक्तीला बाळगता येत नाहीत. परवानाधारक वारल्यावर बाळगणे वैध राहत नसेल, तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. दुरुस्तीचा व्यवसायदेखील कलम ५ नुसार परवान्याविना करता येत नाही, त्यामुळे 'ओळखीच्या लोहाराकडून' काही करून घेण्याचा विचार मनातही आणू नये. दुरुस्त करूनही चालू न शकणारी, पुरातन मूल्याची शस्त्रे कलम ४५ मध्ये वगळली आहेत. पण आपली रायफल त्या व्याख्येत बसते की नाही, हे आपण स्वतः ठरवायचे नसते.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात संस्थेच्या संग्रहाची काळजी कशी घ्यावी?

लोखंडाला कोरडेपणा हवा असतो आणि लाकडाला थोडी आर्द्रता. म्हणून पन्नास टक्क्यांच्या आसपासची स्थिर सापेक्ष आर्द्रता ही तडजोड मानली जाते. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद असेल तर हवा दर दिवशी वर-खाली होते, आणि ते एकसारख्या दमटपणापेक्षाही वाईट. बंद कपाट, आत सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक एवढ्याने बरेच साधते. कातडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत रायफल ठेवू नये, खोळ ओल धरते. संगीन म्यानातून काढून वेगळी ठेवावी. रायफल नळी खाली करून ठेवल्यास तेल झिरपून दस्त्याचे लाकूड मऊ होत नाही. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामाच्या बोटांचा ठसा महिन्याभरात गंजाच्या रूपाने उमटतो.

पूर्वीच्या कोणी तरी तिला व्हार्निश लावून ठेवले आहे. ते काढावे का?

व्हार्निशखाली लाकूड घासलेले असेल, तर व्हार्निश काढून हाती काही लागत नाही. जे गेले ते गेलेच आहे. घासलेले नसेल, तर मॅगझिनजवळच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर द्रावकाची चाचणी घ्यावी आणि खालचा जुना तेलाचा थर शाबूत राहतो का ते पाहावे. तो राहत असेल तर काम संवर्धकाकडे द्यावे. तो विरघळू लागला तर बोळा तिथेच खाली ठेवावा, कोणत्या द्रावकाने काय झाले ते तारखेसह नोंदवहीत लिहावे, आणि व्हार्निश राहू द्यावे.